कोल्वेझीला नोकरीसाठी येताय? मग आधी हे वाचा

काँगोची बातमी टीव्हीवर लागली की चंद्रपूरहून आईचा फोन ठरलेला. "गोमात गोळीबार चाललाय म्हणे, तू बरा आहेस ना?" पहिल्या वर्षी मी तिला राजकारण समजावत बसायचो. आता एवढंच सांगतो, की आई, गोमा इथून, म्हणजे कोल्वेझीहून, सरळ रेषेत हजार किलोमीटरहून लांब आहे. हा देश २३ लाख ४५ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेसात पट. त्याच्या पूर्व टोकाला जे घडतं ते इथे दक्षिणेत रेडिओवरच ऐकू येतं. तुमच्या घरीही हाच प्रश्न येणार आहे. तेव्हा निघण्याआधी नकाशा काढा आणि घरच्यांना गोमा कुठे नि कोल्वेझी कुठे हे बोटानं दाखवा. पुढचे बरेच फोन वाचतील.

कोल्वेझी हे लुआलाबा प्रांताचं मुख्य शहर. २०१५ साली जुन्या कटांगा प्रांताचे चार तुकडे झाले, त्यातला हा एक. शहर समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरच्या वर आहे, म्हणजे उंचीनं महाबळेश्वरच्या जवळपास. जमिनीखाली तांबं आणि कोबाल्ट. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी साधारण ७० टक्के काँगोतून निघतो आणि त्यातला बहुतेक याच पट्ट्यातला. फिटर, इलेक्ट्रिशियन, केमिस्ट, स्टोअरकीपर, अकाउंटंट अशी आपली मंडळी इथे येतात ती त्यापायीच. बहुतेकांचं आयुष्य कॅम्प, बस, प्लांट, मेस आणि पुन्हा कॅम्प असं जातं. दोन वर्षांनी परत जातात तेव्हा त्यांनी कोल्वेझी पाहिलेलीच नसते. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून या लेखात कागदपत्रांपासून सुरुवात करतो, पण न्यायचं आहे तुम्हाला फाटकाबाहेर.

निघण्याआधी

पिवळ्या तापाची लस सगळ्यात आधी. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो, त्यामुळे तिकिटाच्या तारखेआधी तेवढे दिवस हातात ठेवा. हे पिवळं कार्ड इथे उतरताना बघतात. परत जाताना भारतातही बघतात आणि नसेल तर वेगळं ठेवतात. पासपोर्टसोबतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

व्हिसा आणि कामाचा परवाना कंपनी काढते, पण त्याच्या प्रती तुमच्याकडे हव्यात. इमिग्रेशन खात्याला इथे सगळे 'डीजीएम' म्हणतात. हा शब्द पहिल्याच दिवसापासून कानावर पडेल. पासपोर्ट, व्हिसा आणि पिवळं कार्ड यांच्या रंगीत प्रतींचा एक संच खिशात, एक खोलीवर आणि एक घरी. रस्त्यात कुणी कागद मागितले तर मूळ पासपोर्ट हातातून सोडायचा नाही, आधी प्रत पुढे करायची. कुठलीही फी मागितली की शांतपणे पावती मागा. आवाज चढवून इथे एकही काम झालेलं मी पाहिलेलं नाही.

डॉलरच्या नोटा कोऱ्या आणाव्यात. इथे काँगोली फ्रँक आणि अमेरिकन डॉलर दोन्ही चालतात, पण डॉलरच्या नोटेला केसाएवढी चीर, शाईचा ठिपका किंवा जुनी छपाई असली तर दुकानदार ती परत करतो. फ्रँकची नोट मात्र चिंध्या झाली तरी फिरत राहते. मुंबईत पैसे बदलून घेताना प्रत्येक नोट उजेडात धरून बघा, काउंटरवरचा माणूस कंटाळला तरी.

कपड्यांचं गणित आपल्या उलटं आहे. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा इथे कोरडा हिवाळा असतो. जून-जुलैच्या रात्री स्वेटर आणि रजई लागते. सप्टेंबरमध्ये रान पेटवतात, धुरानं आभाळ पिवळट होतं. ऑक्टोबरात पहिली सर येते आणि मग एप्रिलपर्यंत पाऊस. विजा खूप कडाडतात. कोरड्या दिवसांत लाल धूळ इतकी असते, की पांढरा शर्ट आणायच्या भानगडीत पडू नका.

वाट

मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबी, तिथून लुबुंबाशी. कोल्वेझीलाही विमानतळ आहे, पण बहुतेकांचा शेवटचा टप्पा लुबुंबाशीहून गाडीनं होतो. लिकासीवरून सुमारे ३०० किलोमीटर. आकडा ऐकून चार तासांचा हिशेब करू नका. या रस्त्यावर तांब्याच्या पत्र्यांनी भरलेले, आम्लाचे, चुन्याचे, डिझेलचे ट्रक रांगेनं असतात. ते कासुंबालेसाच्या सीमेवरून झांबियात जातात नाहीतर तिकडून येतात. सकाळी लवकर निघा आणि अंधाराआधी पोचा. रात्री या रस्त्यावर कुणी कितीही भरीस घातलं तरी निघायचं नाही. बंद पडलेला ट्रक दिव्याशिवाय उभा असतो आणि तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आणखी एक गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही. इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. गाडी तुम्ही चालवणार नसाल, पण रस्ता तर ओलांडणारच. पहिले काही आठवडे दोन्हीकडे दोनदा बघा.

पहिला आठवडा: नमस्कार शिका

ऑफिसची भाषा फ्रेंच, बाजाराची आणि घरची स्वाहिली. ही टांझानियातली पुस्तकी स्वाहिली नव्हे, कटांगाची आहे. तिच्यात फ्रेंच शब्द आपल्या मराठीत इंग्रजी शब्द येतात तसे सहज मिसळलेले असतात. 'धन्यवाद'ला पुस्तकात 'असान्ते' असेल, इथे 'आक्सान्ती' ऐकू येईल. 'छान'ला 'मुझुरी'. भाव विचारायचा तर 'बेई गानी?'

शब्दांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे क्रम. आधी नमस्कार, मग तब्येत, मग घरच्यांची विचारपूस, आणि त्यानंतर काम. आपल्याकडे प्लांटमध्ये शिरल्या शिरल्या "पंप का बंद आहे?" विचारतात. इथे तसं विचारणारा माणूस उद्धट ठरतो. मी पहिल्या महिन्यात हीच चूक करत होतो. वर्कशॉपमधल्या एका वयस्कर मेकॅनिकनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की रात्र बरी गेली का, हे विचारल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. त्या दिवसापासून मी रोज पाच मिनिटं आधी जातो आणि सगळ्यांना हात मिळवत फिरतो. काम लवकर होऊ लागलं, हे खरं आहे. पण त्याहून मोलाचं म्हणजे लोक मला अडचणी आपणहून सांगू लागले.

वयानं मोठ्या पुरुषाला 'पापा', बाईला 'मामा'. आपण काका-मावशी म्हणतो तसंच. नुसत्या नावानं हाक मारायची नाही, मग तो तुमचा हेल्पर असला तरी. तुम्हाला मुलं 'मुहिंदी' म्हणजे भारतीय म्हणतील, कधी 'मुझुंगू' म्हणजे गोरा, परदेशी म्हणतील. त्यात शिवी नाही, हसून 'जाम्बो' म्हणा.

दोन नियम मात्र कडक पाळा. सकाळी आणि संध्याकाळी सरकारी कचेरीसमोर झेंडा चढवताना-उतरवताना सगळा रस्ता थांबतो. तुम्हीही जागच्या जागी थांबा. आणि खाण, पूल, विमानतळ, पोलीस, सैनिक, सरकारी इमारत यांचा फोटो काढू नका. रीलसाठी तर मुळीच नाही.

सिमकार्ड पहिल्याच दिवशी घ्या. व्होडाकॉम, एअरटेल आणि ऑरेंज यांपैकी तुमच्या कॅम्पवर कुणाची रेंज येते ते तिथल्या लोकांना विचारा. नोंदणीला पासपोर्ट लागतो. फोनवरून पैसे पाठवायची सोय इथे भाजीवालीकडेही असते. घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे, त्यामुळे घरी फोन संध्याकाळी लवकर करा. आपण जेवून निवांत होतो तोवर तिकडे मध्यरात्र होत आलेली असते.

वीज, पाणी आणि एक ओळखीची लाईन

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण मी विजेचा माणूस आहे.

कोल्वेझीजवळ लुआलाबा नदी आहे. हीच पुढे जाऊन काँगो नदी होते. तिच्यावर न्झिलो आणि न्सेके ही दोन जलविद्युत केंद्रं १९५०च्या दशकात बेल्जियनांनी खाणींसाठी बांधली. ती कमी पडली म्हणून देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, अटलांटिकजवळच्या इंगा धरणापासून, १,७०० किलोमीटरची डीसी लाईन इथवर आणली. ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाली तेव्हा जगातली सगळ्यात लांब लाईन होती. तिचं हे टोक कोल्वेझीत आहे. ±५०० केव्ही, म्हणजे पाच लाख व्होल्टची. माझं बालपण ज्या लाईनच्या मनोऱ्यांखाली क्रिकेट खेळण्यात गेलं, ती चंद्रपूर ते पडघे ७५२ किलोमीटरची लाईनही ±५०० केव्हीचीच. इथे आल्यावर पहिल्यांदा ते मनोरे दिसले तेव्हा मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली आणि नुसता बघत उभा राहिलो.

ड्रायव्हर म्हणाला, माझं गाव या तारांच्या खाली आहे, आमच्याकडे आजही वीज नाही. एसी लाईन असती तर वाटेत सबस्टेशन टाकून गावांना वीज देणं जमलं असतं. डीसी लाईनमधून मध्येच वीज काढणं सोपं नसतं आणि खर्चिकही फार. हजारो गावांच्या डोक्यावरून वीज खाणीकडे गेली. कोल्वेझीचा स्वभाव समजून घ्यायचा तर हे एक वाक्य लक्षात ठेवा.

व्यवहारात याचा अर्थ असा, की शहरात भाड्यानं खोली घेणार असाल तर वीज किती तास असते, जनरेटर कुणाचा आणि डिझेल कोण भरतं, हे करारात लिहून घ्या. 'स्नेल' म्हणजे वीज कंपनी, 'रेजिडेसो' म्हणजे पाणीपुरवठा. पाण्याची टाकी आहे का बघा. पिण्याचं पाणी उकळून किंवा बाटलीचंच. फ्रीजच्या आधी स्टॅबिलायझर घ्या. शेजारीपाजारी स्वयंपाक कोळशावर होतो, त्याला 'मकाला' म्हणतात. वीज गेल्यावर तुम्हालाही एक लहान शेगडी उपयोगी पडेल.

पोटापाण्याचं

इथलं रोजचं अन्न 'बुकारी', मक्याच्या पिठाची घट्ट उकड. भाकरी खाणाऱ्या माणसाला ती दोन दिवसांत आवडते. उजव्या हातानं लहान गोळा करायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. मक्याचं पीठ बरंचसं झांबियातून येतं. तिकडे निर्यात थांबली की इथे भाव भडकतो आणि शिफ्टवर येणाऱ्या लोकांचे चेहरे उतरतात. सहकारी अचानक गप्प झाला असेल तर आधी पिठाचा भाव विचारा.

शाकाहारी असाल तर घाबरू नका, पण विचारून खा. 'सोम्बे' म्हणजे कसाव्याच्या पाल्याची कुटून शिजवलेली भाजी. छान लागते, पण तिच्यात सुकी मासळी बऱ्याचदा असते. 'लेंगा-लेंगा' बाजारात दिसली की मात्र डोळे मिटून विकत घ्या. तो आपला माठ आहे. लसूण-मिरचीची फोडणी दिली की सासवडच्या आणि इथल्या भाजीत फरक कळत नाही. शेंगदाणे, रताळी, टोमॅटो, कांदे, वांगी मुबलक. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला मात्र बॅगेतून आणा.

आणि 'किकांडा' खाऊन बघा. मी ज्या मामाकडून घेतो, तिच्याकडे सकाळी दहाच्या आत जावं लागतं. ती रानातल्या ऑर्किडचे वाळवलेले कंद कुटते, त्यात दाण्याचं कूट, मीठ, मिरची आणि सोडा घालून पातेल्यात घोटत राहते, आणि मग ते घट्ट होऊन वडीसारखं थापलं जातं. वरून तपकिरी, आतून जरा चिवट. दिसायला मांसासारखं असल्यानं आपले लोक हात लावत नाहीत, पण त्यात मांसाचा कण नाही. सुरीनं पातळ काप करून ती कागदावर ठेवते आणि तिखट वेगळं देते. चव भाजलेल्या दाण्यांची. याच बाजारात 'मुंकोयो' मिळतं, मक्याचं आंबवलेलं पेय, आपल्या आंबिलीची बहीण. ते मात्र ओळखीच्या घरीच प्या, पाणी कुठलं आहे ते माहीत असेल तिथे.

फाटकाबाहेरचं गाव

शहराचे दोन भाग, दिलाला आणि मानिका. रविवारी सकाळी चर्च सुटायच्या वेळी मानिकाच्या रस्त्यांवरून चालत जा, सोबत इथला सहकारी असू द्या. बायका 'किकवेम्बे'च्या झगमगीत कापडात, पुरुष इस्त्रीच्या सुटात, आणि त्या लाल धुळीत बुटांवर डाग नाही. तुम्हीही नीट कपडे घालून जा. मळक्या हाफपँटमध्ये फिरणारा परदेशी माणूस त्यांना आपला अपमान करतोय असं वाटतं.

जुन्या वसाहतींतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. खाणी आधी बेल्जियन कंपनीच्या होत्या, १९६०च्या दशकात राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे तिलाच जेकामीन म्हणू लागले. घर, शाळा, दवाखाना, पिठाचं पोतं, सगळं कंपनी द्यायची. १९८०च्या दशकात ती वर्षाला चार लाख टनांहून जास्त तांबं काढत होती. मग यंत्रांवर खर्च थांबला, १९९० साली कामोटोची भूमिगत खाण खचली आणि काही वर्षांत उत्पादन जवळजवळ बसलं. २०००च्या दशकात हजारो कामगारांना पैसे देऊन घरी पाठवलं. गिरणगाव ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. आज तुमच्या गेटवर पहारा देणारा साठीचा माणूस कधीकाळी फर्नेसचा फोरमन असू शकतो. त्याला तसं वागवा. १९७८च्या मे महिन्याबद्दल मात्र तुम्ही होऊन विचारू नका. बंडखोरांनी शहर ताब्यात घेतलं, फ्रेंच सैनिक पॅराशूटनं उतरले, आणि मधल्या दिवसांत खूप माणसं मेली. ज्यांना सांगावंसं वाटतं ते सांगतात.

आता 'क्रझर'बद्दल. हातानं खणणाऱ्या खाणकामगारांना इथे हा फ्रेंच शब्द वापरतात. कॅम्पमध्ये तुम्हाला कुणीतरी सांगेल, की ते चोर आहेत. असं बोलू नका. कासुलो नावाच्या वस्तीत २०१४च्या सुमारास घराखाली कोबाल्टची काळी माती लागली, आणि लोकांनी अंगणात, पडवीत, काहींनी तर झोपायच्या खोलीत विहिरीसारखे खड्डे खणले. ज्या जमिनीवर आजोबांनी घर बांधलं तिच्याखाली जगाला हवी असलेली वस्तू निघाली, आणि त्यांच्या हातात होती छिन्नी, हातोडा आणि पोतं. त्यांतली कित्येक माणसं बोगद्यात दबून गेली. पुढे त्या भागाला भिंत घातली आणि लोकांना हलवलं. कंपनीच्या कुंपणात घुसणं धोक्याचं आणि बेकायदा आहे, हे मी नाकारत नाही. दिसले तर सुरक्षा विभागाला कळवा, स्वतः अंगावर जाऊ नका. पण ज्याच्या पायाखालून आपण पगार काढतो त्याच्याबद्दल बोलताना जीभ सांभाळावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि कुणीही, कितीही स्वस्तात, मातीचं पोतं किंवा 'नमुना' विकायला आणला तर नाही म्हणा. त्या धंद्यात परक्या माणसानं हात घातला की नोकरी तर जातेच, तुरुंगही लांब नसतो.

ताप आला तर

कंपनीचा डॉक्टर पहिल्या दिवशी मच्छरदाणी देईल. वापरा. उंचीवरचं गाव आहे, डास कमी असतील, हा समज चुकीचा आहे. पहिल्या पावसाळ्यात मला कणकण आली, मी प्रवासाचा शीण समजून दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले आणि तिसऱ्या दिवशी मला उचलून न्यावं लागलं. इथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरमचा, म्हणजे सगळ्यात घातक जातीचा, तो वाट बघत नाही. अंग तापलं की त्याच दिवशी रक्त तपासा. तपासणीला इथे 'गूत एपेस' म्हणतात, एवढे दोन शब्द पाठ करून ठेवा, फ्रेंच येत नसलं तरी दवाखान्यात काम होईल.

सणवार

१ ऑगस्टला इथे पालकांचा आणि पितरांचा दिवस. सकाळी लोक कुदळ-फावडं घेऊन कबरी साफ करायला जातात, दुपारी आई-बापांना जेवू घालतात. त्या दिवशी कुणाकडून काम उरकून घ्यायचा आग्रह धरू नका. कुणी घरी बोलावलं तर जा, साखर किंवा तेलाचा डबा घेऊन.

गणपती आम्ही इथल्या वारुळाच्या मातीचा करतो. कटांगात वारुळं माणसाच्या दुप्पट उंच असतात आणि त्यांची माती इतकी चिकट, की लोक तिच्या विटा पाडतात. वर्कशॉपमधला एक पोरगा दरवर्षी ती माती चाळून आणून देतो. मूर्ती घडताना तो शेजारी बसतो आणि सोंड कुठल्या बाजूला, हे आता तोच आम्हाला विचारतो.

सुट्टीवर परत जाताना

विमानतळावर 'गो-पास' नावाचं शुल्क भरावं लागतं, त्यासाठी कोरे डॉलर राखून ठेवा. मॅलाकाइट या हिरव्या दगडाच्या माळा किंवा डब्या घेतल्या तर दुकानाची पावती घ्या. कच्चा दगड, कितीही लहान असो, बॅगेत ठेवू नका. पिवळं कार्ड हाताशी ठेवा. आणि घरी पोचल्यावर महिन्या-दोन महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरकडे गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे बोला: मी काँगोहून आलोय, मलेरिया तपासा.